मसाला लावून ठेवलेली कोंबडी

गेल्या वर्धापनदिनाच्या तयारीची सभा भरली होती, तेव्हा संध्याकाळच्या अल्पोपाहाराला काय ठेवावे यावर बराच खल झाला. एका तरुण सभासद भगिनीने निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी सुचविली. मंडळात शाकाहारी भगिनी पुष्कळ, म्हणून दोन शेगड्या दोन बाजूंना मांडाव्यात, भांडी व चिमटेही वेगळे ठेवावेत, असेही तिनेच सांगितले. येथवर सगळे सुरळीत चालले होते. तेवढ्यात एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "अहो, ते हॉटेलातले पंजाबी खाणे. बाप्यांनी करायचे आणि बाप्यांनी खायचे. आपल्या बायकांचे त्यात काय आहे?" सभेत हशा पिकला आणि ठराव बटाटेवड्यांवर मंजूर झाला.

बटाटेवडे उत्तम झाले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण "आपल्या बायकांचे त्यात काय आहे" हे वाक्य माझ्या मनातून जाईना. घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे माझी आजी उभी राहिली होती. आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला वारी, मांसाचा तुकडा तिने माळ घातल्यापासून तोंडात घातला नाही. आणि तरीही कोल्हापूरकडच्या आमच्या त्या गावात कोंबडीला मसाला लावावा तर आजीनेच, असे सगळी भावकी म्हणत असे. तेव्हा या विषयाचा जमेल तेवढा शोध घ्यावा असे ठरविले. संपादक भगिनींनी लेख मागितला, त्यांच्यापुढे तोच ठेवीत आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. भाजण्यापूर्वी मांसाला जे लावून ठेवतात त्याला आजकाल सर्रास 'मॅरिनेड' म्हणतात. हा शब्द समुद्राच्या लॅटिन नावावरून फ्रेंचमार्गे आला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पदार्थ ठेवण्याची ती जुनी रीत. आपल्याकडे अशा एकाच नामाची गरज कोणाला भासली नाही. आपण नुसते 'मसाला लावून ठेवला' किंवा 'मुरत ठेवला' म्हणतो. क्रियापदावर आपले भागते. सोयीसाठी मी येथे 'मुरवण' म्हणेन.

कोंबडी हा पक्षी मुळात कोठून आला, याविषयी अलीकडे पुष्कळ नवे कळले आहे. आज घरोघर दिसणारी कोंबडी ही आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याची वंशज. थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणी सापडलेली तिची हाडे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०२२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. माणसाने भातशेती सुरू केली, सांडलेले दाणे टिपायला रानातला पक्षी गावाजवळ आला आणि तेथेच राहिला, असे ते मांडतात. पण मला जास्त मौज वाटली ती दुसऱ्या एका गोष्टीची. पुष्कळ कोंबड्यांची कातडी व पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखाडी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली स्वीडनच्या संशोधकांना आढळले. हा राखाडी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. राधानगरीच्या रानात पहाटे आरवतो तोच. पिवळ्या पायांची कोंबडी जगात कोठेही असो, तिच्या रक्तात त्याच्या कुळाचा थेंब आहे.

आता धर्मशास्त्राकडे वळू, कारण आमच्या घरात कोंबडी परड्यात शिजण्याचे कारण तेथे सापडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजाला वर्ज्य अशा पदार्थांची एक यादी आहे. तीत गावातले डुक्कर आणि गावातला कोंबडा आहे. आणि त्यांच्याच शेजारी, त्याच श्लोकात, लसूण आणि कांदा आहेत. स्मृतिकारांनी ज्या गोष्टी एका दोरीत बांधून उंबऱ्याबाहेर काढल्या, त्याच गोष्टी पुढे एका पाट्यावर एकत्र आल्या! निषेध गावकोंबड्याचा आहे, रानकोंबड्याचा नाही. उकिरड्यावर टिपणाऱ्या पक्ष्याविषयीची ती किळस असावी. ज्यांना ही स्मृती कधी कोणी वाचून दाखविली नाही अशा घरांतही ती किळस कशी कोण जाणे पोचली. आमच्याकडे बोकडाचे मटण घरातल्या चुलीवर चाले, पण कोंबडी मात्र परड्यातल्या तीन दगडांच्या चुलीवर आणि वेगळ्या पातेल्यात. ते पातेले वर्षभर खुराड्याच्या वळचणीला पालथे पडलेले असे.

मांसाला काही माखून ते शुळावर भाजणे ही मात्र फार जुनी रीत. सुश्रुतसंहितेत मांसाच्या पाकांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'शूल्य' म्हणजे सळईवर भाजलेले आणि 'प्रदिग्ध' म्हणजे माखलेले, असे दोन शब्द येतात. वैद्यांनी हे पाक पचायला जड कोणते, हलके कोणते, एवढ्यापुरते नोंदले. स्वयंपाकघरात डोकावून पाहिले ते एका राजाने.

हा राजा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी म्हणजे आज कर्नाटकात बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरच्या शिवेपासून दूर नाही. ११२६ ते ११३८ हा त्याचा राज्यकाळ. सुमारे ११२९ साली त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून हत्ती, रत्ने, चित्रे, नृत्य, शिकार, पाण्यातले खेळ येथपर्यंत शंभर अध्याय त्यात आहेत. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी तो संपादून १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध केला, म्हणून तुम्हांआम्हांला त्याचा पत्ता लागला. या ग्रंथातल्या 'अन्नभोग' या भागात राजाच्या पानातल्या पदार्थांची कृती आहे. इडली, वडे, मांडे यांच्या शोधात पुष्कळजण तेथे जातात. मी गेले ती मांसाच्या भागाकडे.

तेथे 'भडित्रक' नावाचा प्रकार आहे. मांसाचे तुकडे करावे, त्यांना मसाला द्यावा, सळईत ओवावे आणि निखाऱ्यावर भाजावे. काळीज सुपारीएवढे चिरून निखाऱ्यावर भाजायचे, मग मसाल्यात परतून दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालायचे, असाही एक प्रकार आहे. हिंग पाण्यात कालवून ते पाणी मांसावर शिंपडण्याची रीत तर जागोजाग येते. आले, जिरे, मिरी, मीठ, दही, फळांचा आंबट रस, हे सगळे तेथे हजर आहे. बाराव्या शतकात! लसणाच्या जागी हिंग आणि मिरचीच्या जागी मिरी, एवढा फरक सोडला तर मला ते वाचताना आमचे परडेच दिसले. आमचे काका सायकलच्या जुन्या आऱ्या राखेने घासून घेत आणि त्यांत तुकडे ओवीत. सोमेश्वराच्या शुळात आणि त्या आऱ्यांत काय अंतर?

पण त्या अध्यायात वाटणारी बाई कोठे नाही. मांस कापणारे, शिजविणारे, वाढणारे सगळे राजाच्या सेवेतले. हिंग पाण्यात कोणी कालवला, मिरी कोणी कुटली, याची नोंद करण्याचे राजाला कारण नव्हते. मी ग्रंथ मिटणार होते, इतक्यात गीतांच्या प्रकरणातली एक जागा आठवली. शाळेत मराठी साहित्याच्या इतिहासात ती आपण सगळ्यांनीच शिकलेली असते, पण ती याच ग्रंथातली हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीचा हा फार जुना उल्लेख म्हणून पंडित त्याचे मोल करतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसले. ज्या राजाने भाजलेल्या काळजाची कृती लिहिली, त्याच्याच कानावर मुसळाचा आवाज येत होता, आणि मुसळ धरणाऱ्या बाईची दखल त्याने घेतली ती तिच्या गाण्यासाठी. स्वयंपाकाचा अध्याय वेगळा, गाण्याचा वेगळा. दोन्हींच्या मधल्या जागेत आपण उभ्या आहोत.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात सांगते, कारण तो बहुतेकींना ठाऊक आहे. सुलतानांच्या व मोगलांच्या दरबारात कबाबांना मोठा मान मिळाला. माळव्यात मांडूच्या सुलतानाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'निअमतनामा' हे सचित्र पाकपुस्तक करविले. अकबराच्या वेळच्या 'आईन-इ-अकबरी'त कबाबाचे माप दिले आहे: १० शेर मांसाला अर्धा शेर तूप, मीठ, ओले आले, कांदा, आणि जिरे, धने, मिरी, वेलदोडे, लवंगा. बादशाही मुदपाकखान्यात कोंबड्या चारून पोसल्या जात आणि एक महिन्याहून जास्त ठेवीत नसत, हेही त्यात लिहिले आहे. या मापांत मिरची कोठेही नाही. आपल्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ती युरोपीय जहाजांतून जगभर फिरू लागली आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, तो १९६१ साली मुक्त होईपर्यंत त्यांच्याकडेच होता. मिरीवरून मिरचीला नाव देऊन आपण तिला असे घरात घेतले की आज ती पाहुणी आहे हे सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. पपईही तिकडचीच, कच्च्या पपईच्या चिकात मांस मऊ करणारे द्रव्य असते. आजीच्या मसाल्यात जे शेंगदाण्याचे तेल पडे, तो शेंगदाणाही अमेरिकेचाच.

गोव्यात या सगळ्या येण्याजाण्यातून कोंबडीचा एक पदार्थ झाला, त्याचे नाव काफ्रियाल. मराठी वाचकांना हा जवळचा, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या भगिनींना तर विशेष. पोर्तुगीज लोक आफ्रिकी माणसाला 'काफ्रे' म्हणत. अरबी 'काफिर'वरून आलेला तो शब्द, आणि त्यात तुच्छता होती. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोझांबिक हेही त्यांच्याच ताब्यात होते. तेथून गोव्यात सैनिक आणले जात, माणसे गुलाम म्हणूनही आणली जात. त्यांच्याबरोबर लसूण, लिंबू, मिरची चोळून कोंबडी विस्तवावर भाजण्याची मोझांबिकची रीत गोव्यात आली. येथे तिला कोथिंबीर, आले, मिरी, दालचिनी, लवंग मिळाली, माडाच्या सुरीपासून केलेला शिर्का मिळाला, आणि ती हिरवीगार झाली. बहुतेक घरांत ती आता विस्तवाऐवजी तव्यावर होते. कोंबडी खाणाऱ्याला नाव चविष्ट वाटते. ज्यांना त्या नावाने हाक मारीत त्यांना ते कसे वाटत असेल हा विचार मला ते वाटण करताना नेहमी सतावतो. राजाच्या पुस्तकात कांडणारी बाई निदान गाण्यात तरी आहे. या माणसांची तर नावेही कोठे सापडत नाहीत, उरला आहे तो पदार्थ.

आता त्या ज्येष्ठ भगिनींच्या 'पंजाबी खाण्या'कडे येते. तंदूर हे साधन फार पुरातन आहे. राजस्थानात कालीबंगा येथे सिंधू संस्कृतीच्या काळच्या तशाच धाटणीच्या मातीच्या भट्ट्या सापडल्या. पंजाबच्या खेड्यांत सामाईक तंदूर असे, आणि त्याभोवती जमत त्या बायका. मळलेली कणीक घेऊन यायचे, पाळीपाळीने रोट्या लावायच्या, सुखदुःख बोलायचे. आपल्याकडे पाणवठा किंवा जाते जसे, तसा त्यांचा तंदूर. १९४७ साली फाळणी झाली आणि लाखो माणसे घरदार सोडून आली. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी या गृहस्थांनी व त्यांच्या भागीदारांनी दिल्लीत दर्यागंज येथे 'मोतीमहल' सुरू केले, आणि दह्यामसाल्यात मुरवून तंदुरात भाजलेली कोंबडी तेथून देशभर प्रसिद्ध झाली. दही, आले, लसूण, तिखट, सळई, निखारे: एक मातीची भट्टी सोडली तर त्यात सोमेश्वराला अनोळखी असे फार थोडे होते. निर्वासितांनी पोटासाठी उभा केलेला तो उद्योग, त्याचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. मात्र २०२४ साली बटर चिकन आणि दाल मखनी प्रथम कोणी केली यावरून या दोन घराण्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेल्याचे वाचले, तेव्हा मला हसू आले. दोन्ही पक्षांकडे नाव सांगायला आजोबा होते. आजीचे नाव कोणी घेतले नाही.

बायकांनी स्वतः लिहिलेलेही काही आहे, ते सांगायलाच हवे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले. पाठारे प्रभू घराण्यातल्या या बाईंनी शाकाहाराबरोबर मांसमासळीच्या पाककृतीही निःसंकोच छापल्या. त्या काळात एका गृहिणीने हे नावानिशी लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु लक्ष्मीबाईंसारख्या शिकलेल्या किती? माझ्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती.

आजीच्या कोंबड्यांविषयी आता सांगते. शेत आजोबांचे, बैल आजोबांचे, म्हैस घराची. पण खुराडे आजीचे होते. अंड्यांचे पैसे तिच्या चंचीत जात आणि त्याचा हिशेब तिला कोणी विचारीत नसे. माझी हायस्कुलाची फी दोन वर्षे त्या चंचीतून गेली, कारण मुलीने पुढे शिकावे असे घरात दुसऱ्या कोणाला फारसे वाटत नव्हते. जावई किंवा मुंबईचा पाहुणा आला की घरची मंडळी खुराड्याकडे बघू लागत. अशा वेळी आजी तलंगेला हात लावू देत नसे. तलंग आणखी महिना दोन महिन्यांत अंडी घालू लागणार. ती कापायची म्हणजे वर्षाचे उत्पन्न कापायचे. ती बोट दाखवी कोवळ्या कोंबड्याकडे, जो नुकता आरवायला लागला आहे त्याच्याकडे. त्यात काटकसर होती, आणि पाकशास्त्रही होते, हे मला फार उशिरा कळले. निखाऱ्यावर भाजायला कोवळेच मांस लागते. जून कोंबडीला कितीही मसाला लावा, भाजल्यावर ती दोरखंडासारखी लागते. तिला रस्साच करावा.

म्हणूनच घरोघरी भाजलेली कोंबडी दिसू लागली ती 'ब्रॉयलर' आल्यावर. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्हेंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था काढली. तिचे मुख्य ठाणे पुढे पुण्यात झाले. सहा-सात आठवड्यांत तयार होणारा कोवळा पक्षी त्यानंतर बाजारात सहज मिळू लागला. गावठीची चव त्याला नाही, ही तक्रार खरी आहे. पण भाजायला तो सोयीचा आहे हेही खरे. आणि मांस मुळात सौम्य असल्यामुळे त्याला मुरवणाची गरज जास्त.

आता मुरवण काम कसे करते ते पाहू. आजी दोनदा मसाला लावी. पहिल्यांदा नुसते मीठ, हळद आणि लिंबू. "हळद लाव, मीठ लाव, न् घटकाभर निपचित पडू दे," असे ती म्हणे. दुसऱ्यांदा वाटण. मी कित्येक वर्षे ही दोन कामे एकदमच उरकत होते, आणि कोंबडी वरून तिखट व आत अळणी होत असे. कारण असे की मांसात खोल जाते ते मुख्यतः मीठच. ते प्रथम मांसातले पाणी ओढून घेते, त्या पाण्यात विरघळते आणि हळूहळू पाण्यासकट परत आत शिरते. त्यामुळे मांस भाजताना ओलावा धरून ठेवते. मसाल्याचे कण आत जात नाहीत, ते पृष्ठभागावर आणि चिरांमध्येच राहतात, म्हणून सुरीने चिरा द्यायच्या. आंबटाचे कामही वरवरचे असते. लिंबाच्या रसात कोंबडी रात्रभर ठेवली तर वरचा थर पांढरट, कोरडा आणि पिठूळ होतो. जास्त वेळ म्हणजे जास्त चव, हा पुष्कळींचा समज चुकीचा आहे. दह्याचा आंबटपणा सौम्य, त्यामुळे ते काही तास सोसते, आणि विस्तवावर त्याचा रंगही खमंग येतो. तेलात मसाल्याचा वास उतरतो आणि ते मांसाला करपण्यापासून थोडे वाचविते.

एक किलो कोवळ्या कोंबडीचे आठ तुकडे घेऊन प्रत्येकाला दोन-तीन खोल चिरा द्याव्यात. एका लिंबाचा रस, दोन चहाचे चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून अर्धा तास ठेवावे. तोवर पंधरा लसूण पाकळ्या, दोन बोटांची पेरे आले, वाटीभर कोथिंबीर देठांसकट, चार हिरव्या मिरच्या, दहा-बारा मिरी आणि एक चमचा जिरे पाणी न घालता वाटून घ्यावे. आजीचा पाटा-वरवंटा होता, आपले मिक्सर आहे. तेवढ्याने काही बिघडत नाही, फक्त पाणी घालण्याचा मोह टाळावा. या वाटणात फडक्यात बांधून पाणी काढलेले दही अर्धी वाटी आणि शेंगदाण्याचे तेल दोन मोठे चमचे कालवावे. तुकड्यांना सुटलेले पाणी निथळून हे वाटण चिरांतून आतपर्यंत चोळावे आणि चार तास झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. साखर किंवा मध घालू नये, ते आधी करपते. कोळसे पेटल्याबरोबर भाजायला घेऊ नये. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की घ्यावे, आणि दर तीन-चार मिनिटांनी तुकडे फिरवावे. अर्ध्या तासाच्या आसपास ते होतात. जाड तुकड्यात हाडाजवळ सुरी टोचली की येणारा रस स्वच्छ हवा, गुलाबी नको. कच्च्या कोंबडीला लागलेले उरलेले वाटण भाजलेल्या तुकड्यांवर ओतू नये आणि चटणी म्हणून तर मुळीच वाढू नये. वर लावायचे असेल तर चार चमचे आधीच वेगळे काढून ठेवावे. शाकाहारी भगिनींनी हेच वाटण पनीर किंवा वाफवलेल्या सुरणाला लावावे, त्याला अर्धा तास पुरे आणि मीठ निम्मे.

ही मापे माझी आहेत. आजीकडे मापे नव्हती, आणि चाखून बघायची तर सोयच नव्हती. ती वाटण नाकाजवळ नेई, क्षणभर डोळे मिटी, आणि म्हणे, "आलं कमी झालंय," किंवा "मीठ कच्चं हाय अजून." मिठाला वास असतो का? मी तिला एकदा विचारलेही होते. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुन्हा विचारले नाही. मसाला लावून झाला की ती दोन्ही हात मातीने आणि मग राखेने घासून धुई, अंगावर पाणी घेई आणि ओसरीवर जपमाळ घेऊन बसे. परड्यात काका व पोरे विस्तवाभोवती. तेथपासून ओसरी चांगली तीस-चाळीस पावले लांब, मध्ये सगळे घर. तरी तिचा आवाज येई, "आरं फिरवा की, एका अंगानं करपाय लागलंय!" आणि काका आऱ्या उलटून बघत तो खरोखरच एक बाजू काळी पडू लागलेली असे.

यंदाच्या वर्धापनदिनाला दोन शेगड्या मांडायच्या ठरल्या आहेत. ठराव त्याच ज्येष्ठ भगिनींनी मांडला. कोळसा आणि सळया त्या आणणार आहेत. वाटण माझ्याकडे आहे.